जी नोटीस पाठवणार नाही, तिचं काय?

प्रश्न : मी पुण्यात कोथरूडला राहते, बँकेत नोकरी करते. गेल्या नोव्हेंबरात आम्ही काही मैत्रिणींनी महिनाभरात ५० हजार शब्दांची कादंबरी लिहायची असं ठरवलं. रोजचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, असा नियम होता. माझ्या कादंबरीतला सोसायटीचा सेक्रेटरी रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरकडून पैसे खातो. ग्रुपमधून कुणीतरी ती प्रकरणं पुढे पाठवली आणि आता आमच्या सोसायटीच्या माजी सेक्रेटरीकाकांची वकिलामार्फत नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत लेखी माफी आणि पाच लाख रुपये. मी नाव बदललं होतं. सुरुवातीला ‘सर्व पात्रे काल्पनिक’ असंही लिहिलं होतं. मला शिक्षा होऊ शकते का? नोटीस आणि संपूर्ण हस्तलिखित सोबत जोडलं आहे. नववं प्रकरण आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी सांगितलेल्या खऱ्या घटनेवर आहे. ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त तेच आवडलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

उत्तर : ताई, कायद्यात शिक्षा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. पण लगेच घाबरू नका. हा गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पोलीस परस्पर दारात येणार नाहीत. काकांना स्वतः शिवाजीनगर कोर्टात खाजगी फिर्याद करावी लागेल, आणि नव्या कायद्यानुसार दखल घेण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना तुमचंही म्हणणं ऐकावं लागतं. पाच लाखांसाठी दिवाणी दावा लावायचा, तर त्याची कोर्ट फी आधी त्यांनाच भरावी लागेल. नोटीस पाठवणं त्या मानाने स्वस्त असतं. (नोटिशीतलं मराठी मात्र फर्डं आहे, शुद्धलेखनाची एक चूक सापडली नाही.)

‘सर्व पात्रे काल्पनिक’ या ओळीवर मात्र फार विसंबू नका. ती ओळ रूढ झाली तीच एका हरलेल्या खटल्यामुळे. १९३२ साली एमजीएम कंपनीने रशियाच्या झारच्या दरबारातल्या रास्पुतिन या साधूवर चित्रपट काढला. त्यातल्या एका राजकन्येचं नाव बदललेलं होतं, तरी ती आपणच, असं म्हणत रशियन राजकन्या इरिना युसुपोव्ह लंडनच्या न्यायालयात गेली. १९३४ मध्ये अपील न्यायालयानेही तिला मिळालेली २५ हजार पौंडांची भरपाई कायम ठेवली. प्रश्न नावाचा नसतोच. ओळखीच्या माणसांनी वाचल्यावर ‘अरे, हे तर अमुक’ असं त्यांच्या तोंडून निघतं का, हे कोर्ट बघतं. तुमच्या कादंबरीतल्या सेक्रेटरी सबनीसांच्या कानात यंत्र आहे, निळी चेतक आहे, मुलगी पिट्सबर्गला आहे आणि शेवग्याखालच्या पार्किंगवरून त्यांची रोजची भांडणं आहेत. मी तुमच्या सोसायटीत कधी आलेलो नाही, तरी गेटपाशी उभा राहिलो तर काकांना ओळखेन.

एवढं सगळं खरं घेऊन त्यावर एक गोष्ट तुम्ही रचलीत : बिल्डरच्या ऑफिसातली पैशांची बॅग. अडचण तिथे आहे. वर्णन खरं आणि गुन्हा कल्पनेतला, असं झालं की वाचणारा गुन्हाही खराच धरून चालतो. त्यांनी पैसे खाल्ले असा तुम्हाला खरोखरच संशय असेल, तर सभासद म्हणून संस्थेची कागदपत्रं पाहायचा हक्क तुम्हाला आहे. त्यात काही सापडलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. आणि तसा संशय नसेल, तर बॅग त्यांच्या हातात का दिलीत, याचं उत्तर स्वतःला द्या. कादंबरीला चोर हवा होता, ते समजू शकतो. निळ्या चेतकवरचाच चोर हवा होता का?

तुम्ही पत्रात म्हणता, ‘चॅलेंजच्या घाईत लिहिलं, मागे वळून वाचायचं नाही असा नियमच होता.’ ही पद्धत मला ठाऊक आहे. १९९९ साली सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिस बेटी आणि मंडळी, एकूण एकवीस जणांनी ती सुरू केली. रोज साधारण १,६६७ शब्द, खाडाखोड नाही, मनातल्या संपादकाला सुट्टी. ती चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण नोव्हेंबर आला की लोक अजून लिहितात. मला ती पद्धत आवडते. पहिल्या खर्ड्यात माणसाने काहीही लिहावं; तुमच्या वहीतल्या मजकुराने कुणाची बदनामी होत नाही. पण ग्रुपवर टाकलंत त्या क्षणी ते कायद्याच्या भाषेत प्रसिद्ध झालं. त्रयस्थ एकाने वाचलं तरी पुरतं. घाई लिहिण्याची होती, पाठवण्याची नव्हती.

आता नववं प्रकरण. तुम्ही त्याबद्दल काही विचारलेलं नाही, पण माझी झोप त्याने उडवली. तिथे तुम्ही मावशींच्या मुलीचं नाव बदललंत, आणि वस्ती, शाळा, आईचं काम, घटनेचा महिना, सगळं तसंच ठेवलंत. तुमच्याच टिपणाप्रमाणे मुलगी तेव्हा अल्पवयीन होती आणि केस दाखल झाली होती. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ मध्ये कुठल्याही प्रसारमाध्यमात ओळख उघड करायला मनाई आहे, आणि त्यात नाव-पत्त्यासोबत कुटुंब, शाळा आणि शेजारही स्पष्ट लिहिलेला आहे. पीडितेची ओळख उघड करण्याबद्दलचं न्याय संहितेचं कलम ७२ आहे ते वेगळंच. ओळख पटेल असा तपशीलही द्यायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निपुण सक्सेना प्रकरणात बजावलं आहे. कादंबरी म्हणजे बातमी नव्हे, असा युक्तिवाद मी उद्या कोर्टात करू शकेन. करावा लागू नये, एवढीच इच्छा आहे.

काका नोटीस पाठवू शकतात. मावशी पाठवणार नाहीत. त्यांच्यापर्यंत ते प्रकरण फिरत फिरत पोचलं, तर त्या फार तर तुमचं काम सोडतील, तेही कारण न सांगता. तुम्ही म्हणाल, त्यांना विचारते. जिला तुम्ही दरमहा पगार देता तिचं ‘चालेल की ताई’ हे मी संमती म्हणून धरणार नाही. आणि ती गोष्ट आईची नाही, मुलीची आहे. त्यांनी ती ओट्यापाशी सांगितली ती मन हलकं करायला, तुमचे १,६६७ शब्द भरायला नव्हे. हे प्रकरण पूर्ण काढा. गाव बदलून, वय बदलून वाचवायचा प्रयत्नही करू नका.

सेक्रेटरीचं पात्र वाचवता येईल. चेतक एकाला द्या, पिट्सबर्ग दुसऱ्याला, भांडणं तिसऱ्याला, आणि बॅग अशा कुणाला जो तुमच्या जिन्यात कधी भेटलेला नाही.

पुढचं काम : ग्रुपवर आणखी काही टाकू नका आणि काकांशी लिफ्टमध्येही या विषयावर बोलू नका. ग्रुपमधल्यांना नववं प्रकरण काढून टाकायला आणि पुढे न पाठवायला सांगा, पण त्याआधी सगळं चॅट जसंच्या तसं एक्सपोर्ट करून ठेवा. नोटीस आल्यावर पुरावा पुसणं हा वेगळा गुन्हा ठरू शकतो. पाच लाख देण्याचा प्रश्नच नाही. त्रास झाला असल्यास खेद आहे आणि मजकूर मागे घेतला आहे, एवढं ‘विदाउट प्रेज्युडिस’, म्हणजे आपले हक्क राखून दिलेलं, उत्तर वकिलामार्फत मुदतीत जाऊ द्या. नोटिशीचं पाकीट फेकलं नसेल तर जपून ठेवा, त्यावर पोस्टाचा शिक्का असतो आणि पंधरा दिवस मोजायला तो लागेल.