1,500 रुपये राहू द्या, आधी पॉलिसी परत करा

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. आठ महिन्यांपूर्वी त्या नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा घेऊन माहेरी आल्या. बर्डीवरच्या साड्यांच्या दुकानात 14,000 रुपये पगार आहे. नवरा बुटीबोरीच्या कारखान्यात आहे, पगार 45,000. कोर्टात अजून काहीच दाखल नाही. त्यांचा प्रश्न असा: "लाडकी बहीण आणि संजय गांधी निराधार, दोन्ही मिळून महिन्याला 3,000 मिळतील का? कागद कोणते लागतील?"

आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: "लग्नातलं सोनं मोडून 5 लाख 20 हजार आले होते. बँकेतल्या सरांनी त्यातले 2 लाख मुलीसाठी फिक्समध्ये टाकून दिले, दहा वर्षं दरवर्षी तेवढेच टाकायचे आहेत. पाकीट येऊन 19 दिवस झाले. यांच्याकडून दोनदा चार-चार हजार आले. वकील केला तर ते कायमचे तुटतील, म्हणून थांबले आहे. राग उतरला की देतील." सोबत त्या पाकिटातल्या पहिल्या पानाचा फोटो आहे.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत संपतं. संजय गांधी योजनेला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत लागतं, तुमचं 1 लाख 68 हजार आहे. लाडकी बहीणच्या अर्जांची मुदत 15 ऑक्टोबर 2024 ला संपली. शिवाय दुसऱ्या सरकारी योजनेतून 1,500 किंवा त्याहून जास्त मिळत असतील, तर लाडकी बहीण लागूच होत नाही. म्हणजे दोन्ही मिळून 3,000 हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

आता त्या फोटोबद्दल, कारण त्यात दिवस मोजावे लागणार आहेत. ते फिक्स नाही. ती आयुर्विमा पॉलिसी आहे. वर्षाला 2 लाख हप्ता, दहा वर्षं, आणि पंधराव्या वर्षाअखेर 29 लाख. तुमचा वर्षाचा पगार 1 लाख 68 हजार आणि हप्ता 2 लाख! हा अर्ज भरून घेणाऱ्याने उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहिलं होतं, ते पान काढून नक्की बघा. सोन्याचे 3 लाख 20 हजार उरले आहेत. पुढच्या वर्षी त्यातून दुसरा हप्ता जाईल, त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्याला पैसे पुरणार नाहीत. "20 लाखांचे 29 लाख" ऐकायला मोठं वाटतं. पण पैसे इतकी वर्षं अडकवून मिळणारा दर निघतो वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास. हातात दोन पोरं आणि एकच पगार असलेल्या बाईला हे विकणाऱ्या माणसाचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

पण वेळ अजून गेलेली नाही. पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते. पाकीट येऊन 19 दिवस झाले, म्हणजे 11 उरले. मात्र पॉलिसी आधी ईमेलवर आली असेल तर कंपनी ती तारीख धरू शकते, म्हणून 11 दिवस आहेत असं समजू नका. उद्याच जा. बँकेत नाही, विमा कंपनीच्या शाखेत. साध्या कागदावर लिहा: "मला मुदत ठेव सांगून ही पॉलिसी दिली, अटी मान्य नाहीत, रद्द करून पैसे परत द्यावेत." सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक जोडा. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. थोड्या दिवसांच्या विम्याचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी सगळी रक्कम परत येते. बँकेतले सर फोन करतील, बोनस बुडेल म्हणतील, एक वर्ष थांबा म्हणतील. थांबलात तर 30 दिवस उलटतील आणि मग दोन लाखांतलं फार थोडं हातात येईल. कंपनीने टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.

ते पैसे आले की तुमच्याकडे पुन्हा 5 लाख 20 हजारांच्या आसपास असतील. त्यातले 3 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवले, तर सध्याच्या 7.4 टक्क्यांनी महिन्याला 1,850 रुपये मिळतात. ज्या 1,500 साठी तुम्ही कागद गोळा करणार होतात, त्याहून जास्त, आणि तुमच्याच सोन्यातून. साधारण लाखभर, म्हणजे सहा महिन्यांचा खर्च, बचत खात्यात हात घातला की मिळेल असा ठेवा. उरलेले एक-सव्वा लाख शाळेच्या फीसाठी मुदत ठेवीत. विम्यासाठी बँकेच्या खात्यातून वर्षाला 436 रुपयांची प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना घ्या, 2 लाखांचं कवच मिळतं. नॉमिनी म्हणून आईचं नाव द्या. पॉलिसीच्या फोटोत नॉमिनी अजून तुमचा नवराच दिसतो आहे. बँकेच्या खात्यावरही तोच असेल तर बदलून घ्या.

दुसरी चूक याहून महाग पडते आहे. तुम्ही आठ महिने थांबलात. पोटगीचा आकडा न्यायाधीश ठरवतील, हिशेबासाठी तुमचे आणि दोन मुलांचे मिळून महिना 12,000 धरू. आठ महिन्यांचे 96,000 झाले, आले 8,000. उरलेले 88,000 म्हणजे 1,500 च्या हिशेबाने जवळपास पाच वर्षांचं अनुदान. आणि ते मागे जाऊन मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. तुमचा अर्जच नाही, तर तारीख कुठून येणार?

वकील केला की नवरा तुटतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं मला माहीत नाही. पण पोटगीचा अर्ज म्हणजे घटस्फोट नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (हेच जुनं कलम 125) लग्न कायम ठेवून खर्च मागता येतो. उद्या तो समजुतीने आला तर अर्ज मागे घेता येतो. अंतरिम पोटगीचा निर्णय नोटीस पोचल्यापासून शक्यतो 60 दिवसांत व्हावा, असं त्याच कलमात लिहिलं आहे. आणि वकिलाचे पैसे लागत नाहीत: कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे आधार कार्ड घेऊन जा. राग उतरायची वाट बघताना मुलांची फी थांबत नाही, ताई.

या दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत, हेही लक्षात घ्या. पोटगीच्या अर्जासोबत दोघांनाही आपली मालमत्ता आणि खर्च प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावा लागतो. त्यात तुमच्या नावे वर्षाला 2 लाखांचा हप्ता दिसला, तर समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारेल. पॉलिसी आधी रद्द व्हायला हवी, त्याचं हे दुसरं कारण.

आता सरकारी मदत, जी खरोखर तुमच्यासाठी आहे आणि जी तुम्ही विचारलीच नाहीत. आईवडील विभक्त असलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते. एका मुलामागे महिन्याला 2,250, दोघांचे 4,500, म्हणजे वर्षाला 54,000. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा, मंजुरी बालकल्याण समिती देते. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाका. सासरच्या रेशन कार्डातून स्वतःचं आणि मुलांचं नाव कमी करून वेगळं कार्ड मागा. पोटगीच्या अर्जाची प्रत ही वेगळं राहत असल्याचा पुरावा म्हणून इथेही उपयोगी पडते. 500 च्या स्टॅम्पवर "फारकत" (म्हणजे कोर्टाबाहेरचा घटस्फोट) लिहून देणारे कोणी भेटले, तर त्यावर सही करू नका. फक्त हे 4,500 दर महिन्याला एकाच तारखेला येतील असं धरून घरखर्च आखू नका. आले की फीच्या खात्यात टाका.

मुलगी नऊ वर्षांची आहे म्हणालात. सुकन्या समृद्धीचं खातं दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आत उघडावं लागतं, नंतर नाही. 250 रुपयांत उघडतं, सध्या 8.2 टक्के व्याज आहे, आणि वर्षाला 250 भरले तरी चालू राहतं. पोटगी सुरू झाली की त्यात वाढवा. तिच्या वाढदिवसाची तारीख बघून पोस्टात त्याआधीच जा.

पॉलिसी परत केल्याच्या शिक्क्याच्या प्रतीचा फोटो मला पाठवा. दहा दिवसांत पैसे खात्यात आले नाहीत तर पुढचं पत्र आपण मिळून लिहू.