मतभेद झालेली चित्रे टाकून द्यावीत का?

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. दीर्घिकांच्या छायाचित्रांवरून ‘सर्पिल’ की ‘लंबवर्तुळाकार’ हे ओळखणारे मशीन लर्निंगचे मॉडेल करत आहे. आम्ही पाच मित्रांनी चित्रांना नावे दिली, पण बऱ्याच चित्रांवर आमचे एकमत झाले नाही. अशी चित्रे वगळली तर मॉडेलची अचूकता पुष्कळ वाढते. ती वगळावीत का?

उत्तर : वगळू नयेत, आणि चाचणीसाठी राखलेल्या संचातून तर मुळीच वगळू नयेत. अवघड चित्रे काढल्यावर वाढलेली अचूकता फक्त सोप्या चित्रांपुरती असते. आकाशाचा नवा भाग समोर आला की ती टिकत नाही.

मुळात या दोन वर्गांमध्ये काटेकोर सीमा नाही. खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनीच १९३६ मध्ये दोहोंच्या मधोमध एक भिंगाकार प्रकार मांडला होता. त्यामुळे तुमच्यातील मतभेदाला निष्काळजीपणा समजू नका, कारण त्यात त्या दीर्घिकेविषयीचीच माहिती असते. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘गॅलक्सी झू’ या प्रकल्पात हजारो हौशी स्वयंसेवकांनी सुमारे ९ लाख दीर्घिकांची छायाचित्रे पाहून मते नोंदवली, आणि बहुमताने एकच नाव चिकटवण्याऐवजी प्रत्येक पर्यायाला किती मते पडली तेही जपून ठेवले गेले. याच मालिकेतील पुढच्या टप्प्याच्या मतांवर आधारलेली एक स्पर्धा २०१४ मध्ये पूर्ण झाली. तिच्यात चित्रावरून थेट वर्ग सांगायचा नव्हता, तर वेगवेगळ्या उत्तरांना पडलेल्या मतांची ३७ प्रमाणे वर्तवायची होती. तुम्हीही तसेच करा. तिघांनी सर्पिल आणि दोघांनी लंबवर्तुळाकार म्हटले असेल, तर ०.६ आणि ०.४ हेच मॉडेलचे लक्ष्य ठेवा. त्रुटी मोजण्याचे नेहमीचे क्रॉस-एन्ट्रॉपीचे सूत्र अपूर्णांकांनाही चालते. मात्र पाच मते फार थोडी आहेत. एक मत फिरले की सगळे पारडे बदलते, म्हणून निदान वादग्रस्त चित्रांसाठी तरी आणखी माणसे मिळवा.

येथे एक सावधगिरी मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक मतभेद दीर्घिकेच्या स्वरूपातूनच येतो असे नाही. दूरच्या दीर्घिकेचे सर्पिल बाहू धूसर होऊन ती गुळगुळीत दिसते. अधिक चांगल्या दुर्बिणीने हा संशय मिटू शकतो, भिंगाकार दीर्घिकेचा मिटत नाही. शिवाय डोळ्यांचाही कल असतो. गॅलक्सी झूमध्ये काही चित्रे आरशातल्यासारखी उलटी करून दाखवली, तेव्हाही सर्पिल बाहू कोणत्या दिशेने वळतात याबाबत लोकांचा कौल घड्याळाच्या उलट दिशेकडेच झुकलेला आढळला. हा कल मोजला नाही तर मॉडेल तोही निमूटपणे शिकून घेते. म्हणून प्रत्येक चित्रासोबत दीर्घिकेचे अंतर नोंदवा आणि काही चित्रे उलटी करून मित्रांना न सांगता पुन्हा दाखवा.

अखेरची तपासणी केवळ अचूकतेवर करू नका. मॉडेलने ज्या शंभर दीर्घिकांना ०.६ च्या आसपास सर्पिल ठरवले, त्यांच्याबाबत माणसांची सर्पिलच्या बाजूची मतेही साठ टक्क्यांच्या जवळपास आहेत का, हे पाहा.