नेम धरू नकोस, बंदूक फिरव

अरे, नेमबाजीत पंचवीस उडत्या तबकड्यांपैकी चारच फुटल्या म्हणून रविवारी खानापूरपर्यंत तोंड पाडून गेलास म्हणे. माझ्या पहिल्या दिवशी दोन फुटल्या होत्या, त्यातली एक बहुतेक आधीच तडकलेली होती.

तुझी चूक मला मागून दिसत होती. तू रायफलवाल्यासारखा एक डोळा मिटून नेम धरतोस आणि चाप ओढताना बंदूक थांबवतोस. तबकडी १०८ मिलिमीटरची, पण ती थांबत नाही की! तीस मीटरवरून ताशी साठ किलोमीटरच्या वेगानं आडवी निघाली, तर छर्रे पोचेपर्यंत ती जवळजवळ दीड मीटर पुढे सरकलेली असते. म्हणून नळी तिच्या मागून आण, पुढे काढ, चाप ओढ आणि तशीच फिरवत राहा. गोफण मारणारा हात मध्येच थांबवतो काय?

दोन्ही डोळे उघडे ठेव, नजर तबकडीच्या पुढच्या कडेवर. त्याआधी कुठला डोळा जोरावर आहे ते बघ: दोन्ही तळव्यांत छोटी फट करून त्यातून लांबचा विजेचा खांब पाहा, मग एकेक डोळा मीट. उजवा मिटल्यावर खांब गायब झाला तर उजवा.

घरी रोज दस्ता गालाला लावायचा सराव कर. रिकामी बंदूक, दोनदा तपासून. गाल दस्त्याकडे न्यायचा नाही, दस्ता गालाकडे आणायचा.

आणि उभं राहून मारायच्या ठिय्यावरून उतरलास की बंदूक मोडूनच, म्हणजे नळी खाली पाडून उघडी, हातात धर. परवा उघडायला विसरलास, मी बोललो नाही. पुढच्या वेळी सगळ्यांसमोर बोलेन.

कानाला मफ लाव. मी लावले नाहीत, म्हणून आता घरी टीव्हीवरून भांडणं.