मुलाची पहिली सुरी: आधी हात बघा, मग पातं

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही स्वीडनमध्ये उप्सालाला, मुलगा १३ वर्षांचा. स्काउटच्या शिबिराला येताना प्रत्येकाने स्वतःची सुरी आणायची, असं त्याच्या गटाने कळवलंय. आणि साताऱ्याहून आलेल्या सासूबाई तेव्हापासून तुमच्याशी धड बोलत नाहीत. ‘पोराच्या हातात सुरा देतेस?’ हा त्यांचा प्रश्न तुम्हालाही आतून पटतोय, म्हणूनच तुम्ही लिहिलंत.

त्यांची भीती खोटी नाही, पण त्यांना एकदा विळीबद्दल विचारून बघा. कितव्या वर्षी विळीवर बसलात, कोणी शिकवलं? आपल्याकडे मुली नवव्या-दहाव्या वर्षी पाटाला ठोकलेल्या उघड्या पात्यासमोर बसून भेंडी चिरत आल्या. त्याचे नियम घरात सगळ्यांना पाठ असायचे. काम झालं की विळी आडवी पाडायची, कोणी ओलांडायची नाही, धुऊन कोरडी पुसून ठेवायची. आणि पहिले कित्येक दिवस आजी शेजारी बसायची. स्वीडनमधली मुलं सुरी शिकतात ती जवळपास अशीच. शाळेत ‘स्लॉइड’ म्हणून हस्तकलेचा विषयच असतो, त्यात लाकूडकाम येतं. सुरी इथे हत्यार आहे ते सुताराच्या अर्थाने.

आता कुठली घ्यायची ते सांगते. घडीचा चाकू लहान दिसतो म्हणून पालकांना तो बरा वाटतो. पण खटका नसलेला घडीचा चाकू जोर देताना उलटा मिटला तर बोटांवरच मिटतो. न मिटणाऱ्या, म्यानातल्या सुरीला ही भानगड नाही, आणि ती धुवायलाही सोपी.

पात्याची लांबी ८ ते १० सेंटिमीटर पुरे. जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास. हे आकडे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. माझी लेक १२ वर्षांची असताना मी दुकानात गेले आणि ‘चांगलीच घेऊ, पुढे अनेक वर्षं टिकेल’ म्हणून १५ सेंटिमीटर पात्याची, जाडजूड, भारी सुरी घेऊन आले. मूठ तिच्या हातात मावत नव्हती. जाड पातं लाकडात शिरायचं नाही, नुसतं अडकायचं. मग ती जास्त जोर लावायची. तिसऱ्या दिवशी पातं सटकलं आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी बसलं. तीन टाके. सुरी तिने नीट धरली होती. चूक माझी होती, मी वाढत्या मापाचे बूट घ्यावेत तशी सुरी घेतली होती.

म्हणून मुलाला दुकानात सोबत न्या. मूठ धरायला लावा. चारही बोटं मुठीवर पूर्ण बसली पाहिजेत, करंगळी बाहेर लोंबायला नको, आणि अंगठा वळून तर्जनीला टेकला पाहिजे. हातमोजे घालूनही धरून बघू दे, कारण इथे शिबिरं थंडीतही होतात. मुठीच्या पुढच्या टोकाला बोट अडेल असा उंचवटा हवा. हात ओला झाला, चिखलाचा झाला की तो पुढे पात्यावर घसरतो, आणि तिथे तो उंचवटा बोट वाचवतो. सरावलेले लोक तो नको म्हणतात, कारण काही कापांना तो आड येतो. पहिल्या सुरीला मात्र असू दे.

तुमच्याकडे सहज मिळेल ती ‘मोरा’ गावची सुरी. दालार्ना भागात मोरा गावाजवळ ऑस्टनूर नावाची वाडी आहे. १८९१ साली अमेरिकेतून परतलेल्या एका माणसाने तिथे लाकूड वाहायच्या घसरगाड्यांचा कारखाना काढला, सोबत सुऱ्याही करायला लागला, आणि पुढे गाड्या मागे पडल्या, सुऱ्या राहिल्या. त्यांची ‘कम्पॅनियन’ १० सेंटिमीटरची आहे, रबरी मूठ ओल्या हातातही सुटत नाही. हात अगदी लहान असेल तर ‘रूकी’ बघा, लाकडी मुठीची आणि बोट अडवणारी. यापेक्षा महाग काही घेऊ नका. हरवली तरी रडारड होणार नाही अशीच पहिली सुरी असावी.

दुकानदार कदाचित सांगेल की पातं मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं. त्याची गरज नाही. तुमच्या मुलाला लाकडं फोडायची नाहीत, काड्या तासायच्या आहेत. सुरीच्या पाठीवर ओंडक्याने ठोकून लाकूड फोडायचा प्रकार पहिलं वर्ष बंद ठेवा.

पोलाद न गंजणारं घ्या. दुसऱ्या जातीच्या, म्हणजे कार्बन पोलादाला धार छान येते, पण कैरी चिरल्यावर आपली लोखंडी विळी जशी काळी पडायची तसंच ते पडतं, आणि ओलं राहिलं की गंजतं. १३ वर्षांचा मुलगा ओली सुरी म्यानात घालणारच.

धारेला घाबरून बोथट सुरी देऊ नका. बोथट सुरीला जोर लागतो, आणि जोर सटकतो. मोराच्या पात्याला धारेलगत एक रुंद, सपाट उतार असतो. तो उतार दगडावर पूर्ण टेकवायचा आणि पाणी घालून घासायचं, कोन मोजत बसायला नको. त्या उतारावर आधी मार्करने रंग फासायला सांगा. घासल्यावर रंग जिथे उरला तिथे दगड लागलेला नाही, हे मुलाला स्वतःला दिसतं. माझी लेक हे एका दुपारीत शिकली.

आता आजीचं काम तुम्ही करायचंय. पहिले पाच-सहा रविवार त्याच्यासोबत बसा, फोन आत ठेवून. आधी म्यानातून काढायला शिकवा. हिसका मारून नाही. म्यान एका हातात, मूठ दुसऱ्या, आणि मुठीच्या हाताचा अंगठा म्यानाच्या काठावर टेकवून ढकलायचं. ‘टक्’ असा आवाज होतो आणि पातं दोन बोटं वर येऊन थांबतं. मग सावकाश बाहेर. बसूनच तासायचं. कोपर गुडघ्यांवर, काप गुडघ्यांच्या पुढे. मांड्यांच्या मध्ये कधीच नाही, तिथून मोठी रक्तवाहिनी जाते. हात लांब करून गोल फिरवला तर कोणाला लागता कामा नये. उठायचं तर आधी सुरी म्यानात.

पहिलं काम लोणी लावायच्या चपट्या लाकडी सुरीचं द्या. इथली बहुतेक मुलं तिथूनच सुरुवात करतात. फक्त जंगलात उभ्या झाडाची फांदी तोडायची किंवा साल काढायची नाही. रानात मोकळं फिरायचा इथला हक्क तेवढी मुभा देत नाही. खाली पडलेलं घ्या, किंवा ज्यांची बाग आहे त्यांना विचारून ओली फांदी मागा. ओलं लाकूड मऊ असतं.

कायद्याचं मात्र मुलाला स्पष्ट सांगा. १९८८ च्या कायद्याने सार्वजनिक जागी, शाळेच्या आवारात आणि रस्त्यावरच्या गाडीतही रास्त कारणाशिवाय सुरी बाळगता येत नाही. शिबिर हे रास्त कारण आहे. शिबिराहून परतताना मित्रांसोबत पिझ्झा खायला थांबणं हे नाही. सॅकमध्ये तळाशी ठेवायची, घरी आल्याबरोबर तुमच्या हातात. सोमवारी तीच सॅक शाळेत नेतो का, हे रविवारी रात्री तुम्हीच तपासा. ब्रिटनमधल्या वाचकांनो, तुमच्याकडे १८ च्या आतल्या मुलाला अशी म्यानातली सुरी विकताच येत नाही, तेव्हा घेणारे आणि जपणारे तुम्हीच. भारतात नेताना विमानात ती फक्त खाली जाणाऱ्या सामानात.

बोट कापेल. कापलं तर स्वच्छ फडक्याने १० मिनिटं घट्ट दाबून हात वर धरायचा, मध्ये उघडून बघायचं नाही. जखम उघडी पडली, बोट वाकेना किंवा बधिर वाटलं तर ११७७ ला, म्हणजे इथल्या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकाला फोन. रक्त थांबतच नसेल तर ११२, तातडीच्या मदतीचा क्रमांक.

आणि सासूबाई खंडेनवमीपर्यंत असतील तर सुरी पूजेत ठेवायला त्यांच्याकडेच द्या. त्या विचारतील हळदकुंकू कुठे लावू. मुठीला लावा म्हणावं, आणि संध्याकाळी नातवाकडून पुसून घ्या.