आईला कधी वजन कमी करावं लागलं नाही

"माझ्या वयाची असताना आई सडपातळ होती हो. तिनं ना कधी डाएट केलं, ना कधी व्यायाम. आणि मी तीन वर्षं झगडतेय." वजन कमी करण्यासाठी माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्यांकडून हे गाऱ्हाणं मी इतक्यांदा ऐकलं आहे की समोरच्या व्यक्तीनं 'माझी आई' म्हटलं की पुढचं मला कळतं. त्याच्या मागोमाग येणारं वाक्य मला जास्त काळजीत टाकतं: "माझ्यातच निग्रह नाही."

हिशेबाचं काम करणाऱ्या बेचाळिशीतल्या एक बाई हेच म्हणत आल्या. थायरॉइडची आणि इतर तपासणी डॉक्टरांकडून आधीच झाली होती. ती झाल्याशिवाय मी पुढे जात नाही.

"आई दिवसभर काय करायची?"

"घरचं सगळं. कपडे हातानं धुवायची, सगळीकडे चालत जायची. संध्याकाळपर्यंत बसायचीच नाही."

"आणि तुम्ही?"

"मी रोज चाळीस मिनिटं चालते!" त्या दुखावल्याच.

चाळीस मिनिटं खरी होती. पण नऊ तास खुर्ची आणि दोन तास प्रवास, हेही खरं होतं. आईच्या दिवसात हालचाल जागोजागी विखुरलेली होती, म्हणून ती कुणाला व्यायाम वाटली नाही. मी त्यांना एक अभ्यास सांगितला. कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या आरोग्य पाहणीचे जुने-नवे आकडे ताडून पाहिले. खाणं तेवढंच आणि व्यायामही तेवढाच सांगणाऱ्या माणसांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, १९८८पेक्षा २००६मध्ये २.३पर्यंत जास्त निघाला. हे ऐकून त्या रडल्या. आपण खोटं बोलत नव्हतो, हे त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

मी कॅलरी लिहायला सांगत नाही. काय खाल्लं यापेक्षा किती वाजता आणि त्याआधी काय चाललं होतं, एवढंच लिहून आणा म्हटलं. तिसऱ्या भेटीत त्यांनी वही पुढे सरकवली.

"दिवसभर सगळं नीट आहे. रात्री साडेदहानंतर मोबाइल हातात घेते, खाऊचं पाकीट उघडते, ते संपतंच."

"भूक असते?"

"नाही."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला बऱ्याच वर्षांनी जमलं आहे. त्या वहीकडे बघत राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "तेवढाच वेळ माझा असतो."

तिथे मलाही काहीतरी उलगडलं. आम्ही दोघी आतापर्यंत खाण्याशी भांडत होतो आणि त्या जपत होत्या दिवसातला एकमेव मोकळा तास. तो हिरावून घेणारा कोणताही आहार टिकणार नव्हता. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारावर माझी श्रद्धा आहे. 'मला निग्रह नाही' हा त्यांनी लावलेला अर्थ होता. खरं तर आईचा निग्रह कधी पणाला लागलाच नव्हता. रात्री अकरा वाजता हात पोहोचेल तिथे पाकीट नव्हतं, हातात मोबाइल नव्हता.

आणि ते पाकीट साधं नसतं. अमेरिकेतले संशोधक केविन हॉल यांच्या २०१९च्या प्रयोगात २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न, हवं तेवढं खा म्हणून दिलं. पाकीटबंद प्रकारच्या अन्नावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. जागरणाचंही तसंच. २००४च्या एका प्रयोगात दोन रात्री चारच तास झोपलेल्या तरुणांमध्ये भूक वाढवणारं घ्रेलिन वाढलं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटलं.

म्हणून आम्ही तो तास हलवला. संध्याकाळी घरी आल्यावर पहिला पाऊण तास त्यांचा, दार लावून. घरच्यांशी त्यांनी स्वतः बोलायचं. हे बोलणं त्यांना आहारापेक्षा अवघड गेलं, त्यावरच दोन भेटी गेल्या. पाकिटं घरात आणायचीच नाहीत, म्हणजे रोज रात्री 'नाही' म्हणायची वेळ येत नाही. फोनवरचं बोलणं उभ्यानं. मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर. काटा आठवड्यातून एकदाच. एखाद्या रात्री घसरलात तर दुसऱ्या दिवशी उपास नको, उपासानंतरची रात्र आणखी जड जाते.

आठ महिन्यांत साडेचार किलो उतरले. मधले दोन महिने काटा हललाच नाही, तरी त्या येत राहिल्या, याचं मला जास्त समाधान आहे.

शेवटच्या भेटीत हसत म्हणाल्या, "काल आईला विचारलं, रात्री साडेदहाला तू काय करायचीस गं?"

"मग?"

"म्हणाली, झोपलेली असायचे. आणखी काय करणार?"