इंग्रज आणि फ्रेंच सैन्य आफ्रिकेत कधी चुकून आपापसातच लढलं होतं का?

हो, लढलंय की! २३ डिसेंबर १८९३, सिएरा लिओनमधलं वाईमा गाव. दोघंही पश्चिम आफ्रिकेतला राजा सामोरी तुरे याच्या सैनिकांच्या (त्यांना 'सोफा' म्हणत) मागावर होते, पहाटेच्या अंधारात फ्रेंच लेफ्टनंट मारित्झला वाटलं की समोरचा कॅम्प सोफांचाच आहे, त्याने केला हल्ला, आणि इंग्रजांनाही वाटलं की सोफाच आलेत, मग काय, धडाधड फायरिंग. जखमी मारित्झला इंग्रजांच्या कॅम्पात आणलं तेव्हा कुठे घोळ कळला, आणि तो तिथेच वारला. इंग्रजांचे ३ ऑफिसर मेले. मुळात इंग्रज आणि फ्रेंच भागांमधली बॉर्डरच धड ठरलेली नव्हती (ती १८९५ मध्ये ठरली), त्यामुळे भरपाईचा वाद लवादाकडे गेला, बेल्जियमच्या बॅरन लाम्बरमोंने १९०२ मध्ये फ्रान्सला इंग्रजांना ९,००० पौंड द्यायला लावले. युद्ध मात्र झालं नाही.