150 पानं आणि 28 फोटो

प्रश्न: मी कराडला घरूनच पासपोर्ट फोटो आणि छोट्या समारंभांचे फोटो छापून देते. मागच्या दिवाळीत कोल्हापूरच्या एका दुकानातून 6,200 रुपयांचा इंकजेट फोटो प्रिंटर घेतला. रंगीत कार्ट्रिजमधून 150 पानं निघतात असं खोक्यावर होतं. ‘दीडशे फोटो आरामात निघतील’ असं दुकानदारही म्हणाला. 4 बाय 6 चे निघाले 28. नवं कार्ट्रिज 1,450 रुपयांना, म्हणून त्याच दुकानदाराने दिलेली बाहेरची शाई भरली. थोड्याच दिवसांत फोटोवर आडव्या रेघा यायला लागल्या. सर्व्हिस सेंटर म्हणतं, बाहेरची शाई वापरलीत, वॉरंटी संपली. दुकानदार म्हणतो, स्वस्तातला घेतलात तर असंच चालायचं. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची ग्राहक आयोगात तक्रारच होत नाही, असंही कोणी सांगितलं. बिल साधं, चिठ्ठीवरचं आहे. पैसे मात्र यूपीआयने दिलेत. काय करू?

उत्तर: ताई, शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिथे ‘नाही’ आलं तर बाकी सगळं व्यर्थ. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(7) मध्ये व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ नाही असं म्हटलंय खरं. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात सूट आहे: केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेतली आणि वापरली, तर तो व्यापारी हेतू धरत नाहीत. 1995 साली ‘लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स’च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे उदाहरण देऊन सांगितलं, आणि योगायोग असा की उदाहरण टाइपरायटरचं होतं. दुसऱ्यांची कामं टाइप करून देऊन स्वतःचं पोट भरणारा माणूस ग्राहकच राहतो. हाताखाली एकदोन मदतनीस असले तरी बिघडत नाही. टाइपरायटरच्या जागी तुमचा प्रिंटर ठेवा. फक्त तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात ‘स्वतः चालवते, उपजीविकेसाठी घेतला’ हे स्वच्छ लिहा. पुष्कळ जण हेच वाक्य विसरतात आणि समोरच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.

आता तुमच्या तक्रारीचे दोन भाग करतो, कारण तुम्ही ते एकत्र कालवलेत. एक, प्रिंटर परवडत नाही. दुसरा, प्रिंटर बिघडलाय.

पहिल्या भागात कंपनीविरुद्ध फारसं काही हाती लागेल असं मला वाटत नाही. खोक्यावरची पानांची संख्या साधारणपणे आयएसओ/आयईसी 24711 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे काढतात. त्यातली चाचणीची पानं कागदपत्रांसारखी असतात: मजकूर, थोडी चित्रं, बाकी बरीच जागा कोरी. फोटो मात्र काठापासून काठापर्यंत शाईने भरतो. फोटोंसाठी वेगळं मानक आहे, 29102, पण स्वस्त प्रिंटरच्या खोक्यावर त्याप्रमाणे काढलेला आकडा क्वचितच दिसतो. शिवाय नव्या प्रिंटरबरोबर येणाऱ्या कार्ट्रिजमध्ये अनेकदा शाई कमी असते आणि त्यातलीही थोडी पहिल्या सेटिंगमध्येच जाते. बारीक अक्षरात हे लिहिलेलं असेल तर कंपनी सुटली. खोकं टाकलं नसेल तर भिंग घेऊन वाचा. 1,450 च्या नव्या कार्ट्रिजमधूनही 28च निघाले, तर कागद सोडून फोटोमागे जवळपास 52 रुपये. हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे, पण आतबट्ट्याचा सौदा म्हणजे कायद्यातला ‘दोष’ नव्हे. छापील किमतीपेक्षा शाईचा खर्च आधी बघायचा असतो, हे दुकानदाराने सांगायला हवं होतं. त्याने उलटं सांगितलं. ‘दीडशे फोटो’ हे त्याचं वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी असेल तर कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथेचा मुद्दा त्याच्याविरुद्ध उभा राहतो. तोंडी असेल तर तुमचा शब्द विरुद्ध त्याचा.

दुसरा भाग खरा. पण नोटीस पाठवण्याआधी 1,450 रुपये आणखी घाला, असं सांगतोय म्हणून रागावू नका.

दोन कार्ट्रिजच्या बऱ्याच स्वस्त प्रिंटरांमध्ये शाई फेकणारं हेड कार्ट्रिजलाच चिकटलेलं असतं. कार्ट्रिज बदललं की हेडही बदललं. तुमचा प्रिंटर तसा असेल तर कंपनीचं नवं, सीलबंद कार्ट्रिज आणा. सील फोडण्यापासून मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या आणि नोझल चेकचं पान काढा, म्हणजे हेडच्या सगळ्या छिद्रांतून शाई येते का हे दाखवणारं प्रिंटरचं चाचणी पान. मग एक फोटो छापा. रेघा गेल्या, तर प्रिंटर ठणठणीत आहे. कंपनीविरुद्धची केस तिथेच संपली. राहिला दुकानदार, ज्याने ती शाई विकली. आणि नोझल चेक पूर्ण येऊनही फोटोवर रेघा तशाच राहिल्या, तर दोष यंत्रात आहे, बहुधा कागद ओढणाऱ्या भागात, आणि बाहेरच्या शाईची सबब उरत नाही. हे एक पान माझ्या दहा पानी युक्तिवादापेक्षा जड आहे. त्यावर तारीख घालून जपून ठेवा. हेड यंत्रातच बसवलेलं असेल तर मात्र स्वतः काही उघडू नका. सर्व्हिस सेंटरकडून नकाराचं कारण जॉबशीटवर, म्हणजे त्यांच्या दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, लेखी घ्या.

वॉरंटी कार्ड नीट वाचा. बाहेरच्या शाईमुळे झालेलं नुकसान भरून मिळणार नाही, असं लिहिलेलं असतं. ‘मुळे’ झालं हे त्यांनी दाखवायला हवं. शाई वापरली एवढ्याने सगळी वॉरंटी बुडत नाही, असा आपला मुद्दा. ती अटच अन्यायकारक आहे असा वाद मात्र घालू नका. अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगापर्यंत जावं लागतं. 6,200 रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला?

चिठ्ठीच्या बिलाची काळजी सोडा. यूपीआयची नोंद आहे, खोक्यावरचा सिरीयल नंबर आहे. उलट बिल न देणं हीच कायद्याने अनुचित प्रथा आहे.

चाचणीत दोष यंत्रात निघाला तर दुकानदार आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, 15 दिवसांची मुदत द्या. त्याच वेळी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर सातारच्या जिल्हा आयोगात जा. खरेदी कोल्हापूरची असली तरी तुम्ही जिथे राहता तिथे दाखल करता येतं. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइनही होतं. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

मागायचं किती? प्रिंटरची किंमत, नव्या कार्ट्रिजचे पैसे, खर्चापोटी काही हजार. समारंभाची एखादी ऑर्डर बुडून आगाऊ रक्कम परत करावी लागली असेल, तर तिची नोंद जोडा. 2 लाखांचा मानसिक त्रास लिहू नका. आयोगापुढे तक्रारीचं वजन त्याने कमी होतं.

नोटीस पोचली की बहुधा दुकानदाराचा फोन येईल, ‘ताई, दुसरा घेऊन जा’. तसलाच प्रिंटर पुन्हा घेतलात तर फोटोमागे 52 रुपयांचा खर्चही पुन्हा मागे लागेल, तेव्हा पैसेच मागा. आणि ते खात्यात जमा झाल्याशिवाय ‘माझी तक्रार नाही’ या कागदावर सही करू नका.